शरयूमावशीची साक्ष

मावशी,

काल मंदारने तुझ्या बेसमेंटमधला टीव्ही माझ्या गाडीत आणून ठेवला. म्हणाला, "वैशाली, टेक्सासमध्ये प्लेनोला एवढं सगळं कुठे नेऊ? आणि आई सांगून गेलीय, टीव्ही वैशूला." मी नको म्हटलं नाही. घरी आणून हॉलच्या भिंतीला टेकवून ठेवलाय. अजून लावलेला नाही.

मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर चार ओळी आल्या. माहेर सांगलीचं, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी, न्यू जर्सीत एडिसनमध्ये अनेक वर्षं वास्तव्य, स्वभाव मनमिळाऊ. ते 'मनमिळाऊ' वाचून मला हसू आलं. तू प्रेमळ होतीस, हौशी होतीस, जेवायला घालणारी होतीस, पण मनमिळाऊ? पोळीला तेल लावावं की तूप, यावरून तू माझ्याशी एक अख्खी दुपार भांडली होतीस. आणि ज्या एका गोष्टीसाठी या गावाने तुझं नाव घ्यायला हवं, ती त्या चार ओळींत नाही. ती मी लिहिते. तुला सगळं माहीत आहे, तरी ऐक.

आपल्या शनिवारच्या दुपारी आठवतात ना? तुझ्या बेसमेंटमधला तो खोल सोफा, मध्ये चिवड्याचं पातेलं, आणि तिघी जणी. तू, कुंदाकाकू आणि मी. मी तुमच्याहून खूप लहान, नागपूरहून नवऱ्याच्या नोकरीमागे आलेली, शेजारच्या घरात राहायला आलेली. तू पहिल्याच आठवड्यात दार वाजवून विचारलंस, "जुने इंग्रजी सिनेमे बघतेस का? खून असलेले?" मी घाबरून हो म्हटलं.

त्या सिनेमांचं वेड तू नवी नवरी म्हणून इथे आलीस तेव्हापासूनचं. काका कामावर जायचे, बाहेर बर्फ, ओळखीचं कुणी नाही, आणि दुपारी टीव्हीवर ब्रिटिश गुन्हेपट लागायचे. धुकं, ओव्हरकोट, गॅसचे दिवे. तू इंग्रजी तिथून शिकलीस. म्हणून तर अमेरिकेत इतकी वर्षं काढूनही दुकानात वस्तू महाग निघाली की तू "गुड हेवन्स!" म्हणायचीस आणि काउंटरवरची मुलगी चमकून बघायची.

त्यातला एक सिनेमा आपण कितीदा पाहिला असेल. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. तू कुणाला सांगू द्यायची नाहीस, लोक फोनवर आधीच शेवट वाचून येतात म्हणून. नदीकाठचं छोटं गाव. नावेच्या धक्क्यावर तिकिटं विकणारी एक साधी बाई. एका सकाळी गावचा लाडका डॉक्टर एका माणसाला पाण्यात ढकलतो, हे ती पाहते. गावातली निम्मी बाळं त्या डॉक्टरच्या हातची. कुणी तिच्यावर विश्वास ठेवत नाही, इन्स्पेक्टर तर हसतोच. मग डॉक्टरची माणसं तिच्या मागावर लागतात आणि ती पळत पळत डोंगरातल्या बहिणीच्या घरी पोचते. आणि शेवटी परत येते. भर दुपारी, त्याच नावेतून, सगळं गाव काठावर उभं असताना.

दर वेळी आपलं भांडण तिथेच सुरू व्हायचं. मी म्हणायचे, "कशाला परत आली? बहिणीकडे सुखाने राहत होती की." तू चिवड्यातले शेंगदाणे वेचत म्हणायचीस, "लपून राहत होती. लपून राहण्याला सुख म्हणत नाहीत." माझी ईरा तेव्हा लहान होती, पायरीवर बसून म्हणायची, "मावशी, व्हाय डझन्ट शी जस्ट टेक्स्ट समवन?" आणि कुंदाकाकू? त्यांना तिकीटवालीचं काही पडलेलं नसायचं. त्या डॉक्टरच्या बायकोकडे बघत बसायच्या. सिनेमात तिला जेमतेम दोन वाक्यं होती. "या बिचारीचं पुढे काय झालं, ते दाखवतच नाहीत बघ," काकू म्हणायच्या.

कुंदाकाकू तुझी तीस वर्षांपासूनची मैत्रीण. तुम्ही एकाच अपार्टमेंट बिल्डिंगमध्ये संसार मांडले, एकमेकींची बाळंतपणं केली. त्यांच्या निखिलच्या बारशाला त्याची आत्या भारतात होती, व्हिसा मिळाला नाही, म्हणून तू आत्या झालीस. पाळण्यात वाकून त्याच्या कानात 'कुर्र' करून नाव तू सांगितलंस. ही गोष्ट तू मला इतक्या वेळा सांगितली होतीस की ते बारसं मीच पाहिल्यासारखं वाटायचं.

आणि मग ती नोव्हेंबरमधली दुपार.

तू ओक ट्री रोडवरच्या दुकानातून मेथी घेऊन बाहेर पडत होतीस. पार्किंग लॉटमधून एक गाडी वळणावर न थांबता बाहेर आली आणि रस्त्याकडेच्या सायकलवाल्याला उडवून थांबली. सायकलवाला म्हणजे हेक्टर. ग्वाटेमालाचा, चाळिशीचा, रेस्टॉरंटचं जेवण घरोघर पोचवणारा. गाडीतून एक तरुण उतरला. हेक्टरकडे बघितलं. मग मान वर केली, आणि समोर तू. हातात मेथीची जुडी. क्षणभर तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलात. मग तो गाडीत बसला आणि निघून गेला.

तो निखिल होता.

तू हेक्टरजवळ रस्त्यावर बसलीस. त्याच्या डोक्याखाली तुझी शाल घातलीस, फोन करून अँब्युलन्स बोलावलीस, आणि ती येईपर्यंत त्याच्याशी चक्क मराठीत बोलत राहिलीस. "अरे, झोपायचं नाही हं. डोळे उघडे ठेव बाळा." त्याला एक अक्षर कळत नव्हतं. तो मला नंतर म्हणाला, कळत नव्हतं म्हणूनच जागा राहिलो, ही बाई काय सांगतेय ते समजून घ्यायला.

पोलीस ऑफिसरने तुला विचारलं, "गाडी कोण चालवत होतं ते पाहिलंत?"

"पाहिलं."

"ओळखता का त्याला?"

"हो."

"नाव सांगू शकाल?"

आणि तू म्हणालीस, "त्याचं नाव मीच ठेवलंय."

हे तू त्याच संध्याकाळी माझ्या किचनमध्ये उभी राहून मला सांगितलंस. तुझ्या साडीला रक्त लागलं होतं आणि हातात मेथीची जुडी तशीच होती. ती खाली ठेवायची असते हेही तुला सुचत नव्हतं. मी ती हातातून काढून घेतली तेव्हा तू रडायला लागलीस. तुला तसं रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, काका गेले तेव्हासुद्धा नाही.

थोड्या वेळाने फोन वाजला. कुंदाकाकू. तू स्पीकरवर घेतलास.

"शरयू, निखिलला घेऊन गेले गं. तू नाव सांगितलंस?"

"हो."

"आधी मला फोन का नाही केलास? मी त्याला स्वतः घेऊन गेले असते. हात धरून नेलं असतं मी. एक फोन, शरयू. तीस वर्षांत एक फोन मागतेय मी."

पलीकडून फोन बंद झाला.

मावशी, हे आपलं खरं भांडण. सिनेमाचं भांडण गमतीचं होतं. हे नव्हतं, आणि ते मिटलंही नाही. मी म्हणत होते, काकूंना आधी सांगायला हवं होतं. पोलिसांना खोटं सांग असं मी कधीच म्हटलं नाही. पण दहा मिनिटं. त्यांना त्यांच्या मुलाला स्वतःहून पोलिसांसमोर उभं करता आलं असतं, त्यालाही ताठ मानेने उभं राहता आलं असतं. तू म्हणायचीस, "पहिला फोन तिला केला असता ना वैशू, तर दुसरा मी केलाच नसता. मी ओळखते मला." तुझं हे उत्तर खरं होतं हे मला कळतं. तरी माझं म्हणणं मी सोडलेलं नाही, आजही नाही. तू असतीस तर आताही डोळे वटारले असतेस.

पुढचे महिने तू कसे काढलेस, ते मी जवळून पाहिलं. सिनेमातल्यासारखी ओव्हरकोटवाली माणसं तुझ्या मागे लागली नाहीत. आपली माणसं लागली. पेढ्यांचा बॉक्स घेऊन आली. सोफ्यावर बसून, चहा पिऊन, हळूच विषय काढायची. "मावशी, पोराचं आयुष्य आहे हो." "नोकरी नवीन आहे त्याची, कुठे राहील?" एक काका तर म्हणाले, "त्या पार्किंगमध्ये दुपारचं ऊन थेट डोळ्यांवर येतं. माणसाचा चेहरा दिसणं कठीणच."

"ऊन माझ्या पाठीवर होतं," तू म्हणालीस. "पेढे घेऊन जा, मला डायबेटिस आहे."

मग पेढे बंद झाले, आणि हळदीकुंकवाची बोलावणीही. मंडळाच्या कार्यक्रमात तुझ्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या. घरी फोन वाजायचा, उचलला की पलीकडे कुणी बोलायचं नाही, नुसता श्वास ऐकू यायचा. तू मला काही दिवस ते सांगितलंच नाहीस. एकदा सकाळी दूध द्यायला आले तर तू दाराला आतून खुर्ची लावलेली. ती सरकवून दार उघडलंस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "मला भीती वाटते गं."

जे लोक तुला निडर वगैरे म्हणतात ना, त्यांना मी ही खुर्ची सांगते. तुला भीती वाटत होती. रोज वाटत होती.

मंदारने तिकीट पाठवलं. "आई, काही दिवस इकडे ये. जस्ट कम." तू गेलीस. मला वाटलं बरं झालं, तिकडेच राहील आता. प्लेनोहून तुझे फोन यायचे. घर केवढं मोठं, सून किती गोड, नातू किती उंच झालाय. मग आवाज बारीक करून, "इथे फूटपाथ आहेत वैशू, पण त्यावर चालणारी मी एकटीच. लोक गाडी थांबवून विचारतात, आर यू ओके मॅम?" मी हसले. तूही हसलीस. मग तू विचारलंस, "हेक्टरला भेटलीस का?"

मी भेटत होते. तूच जाताना मला सांगून गेली होतीस. त्याच्या पायात सळी घातली होती. त्याची बायको मार्ता दिवसा घरं साफ करायची आणि संध्याकाळी त्याला धरून खोलीतल्या खोलीत चालवायची. निखिलच्या वकिलाचं म्हणणं होतं, गाडी त्याची असेल, पण चालवत तो नव्हता, मित्राने नेली होती. हेक्टरला ड्रायव्हरचा चेहरा आठवत नव्हता. दुसरं कुणी पाहणारं नव्हतं. म्हणजे सगळं तुझ्यावर होतं.

कोर्टाकडून बोलावणं आलं तेव्हा मंदार तुला म्हणाला, डॉक्टरचं सर्टिफिकेट देऊ, प्रवास झेपत नाही म्हणून. तू त्याला काय म्हणालीस ते त्याने मला परवा सांगितलं, तुझी कपाटं आवरताना. "मंदार, तुला लहानपणी मी एकदाच मारलं होतं, आठवतं? खोटं बोललास म्हणून. मग आता तू मला परत मार, आणि मी सर्टिफिकेट घेते." सांगताना तो तुझ्या साड्यांच्या ढिगात बसला होता आणि एवढा मोठा माणूस हुंदके देत होता. म्हणाला, "त्याच दिवशी तिचं रिटर्न तिकीट मीच काढलं."

तुला नेवार्क एअरपोर्टवर घ्यायला मी आले होते. तू छोटी बॅग ओढत बाहेर आलीस आणि पहिलं वाक्य, "विमानात काय भयंकर चहा देतात!" साक्षीचा विषय आपण घरी पोचेपर्यंत काढला नाही.

कोर्टात मी तुझ्या मागच्या बाकावर होते. पलीकडच्या बाजूला कुंदाकाकू, एकट्या, कोट न काढता बसलेल्या. निखिल समोर, सूट घातलेला, खाली बघत. तू तुझी निळी इरकल नेसली होतीस. मी म्हटलं होतं, पँट-शर्ट घाल, बरं दिसेल. तू म्हणालीस, "ज्या कपड्यांत त्याने मला पाहिलं, त्यातच मला ओळखू दे."

निखिलचा वकील सभ्य होता. तुझ्या मोतीबिंदूबद्दल विचारलं, तू म्हणालीस, काढलाय, दोन्ही डोळ्यांचा. अंतर विचारलं, तू सांगितलंस. मग त्याने आवाज मऊ केला. "या कुटुंबाशी तुमचं काही बिनसलं होतं का? काही राग? काही जुनं?"

तू पाणी प्यायलीस. मग त्या तुझ्या जुन्या सिनेमांतल्या इंग्रजीत, एकेक शब्द जपून ठेवत बोललीस. मी मराठीत लिहिते. "नाही. या मुलावर माझं प्रेम आहे. तो जन्मला तेव्हापासून आहे. आजही आहे. त्या दिवशी गाडी त्यानेच चालवली, आणि मला पाहून तो निघून गेला. दोन्ही खरं आहे. तुम्ही एक लिहून घेतलंत तर दुसरंही लिहून घ्या."

निखिलने मान वर केली. त्या पार्किंग लॉटनंतर तो पहिल्यांदा तुझ्याकडे बघत होता. तूही बघितलंस, डोळे न हलवता. मला त्या क्षणी तुझा इतका अभिमान वाटला, मावशी, की छाती दुखली. मी तुला तो कधी बोलून दाखवला नाही. बाहेर आल्यावर मी काय बोलले? "चल, पार्किंगचं मीटर संपेल." आपल्याकडे ही पद्धतच नाही. माणसाच्या तोंडावर कसं म्हणायचं, मला तुझा अभिमान वाटतो? आता म्हणते.

दुसऱ्या दिवशी कोर्ट भरलं तेव्हा निखिलने स्वतःच्या वकिलाला सांगितलं, आता थांबवा. उभा राहून त्याने गुन्हा कबूल केला. काही महिने आत जावं लागलं, लायसन्स गेलं, ती नोकरी गेली. ज्या घरांनी तुला पेढे आणले होते, तिथे बरेच दिवस बोललं गेलं की शरयूने पोराचं वाटोळं केलं. तू ऐकून घेतलंस. वाटोळं मात्र झालं नाही. तो बाहेर आला, दुसरीकडे नोकरीला लागला, आणि एके दिवशी हेक्टरच्या दारात जाऊन उभा राहिला. हेक्टरने आत घेतलं नाही. दुसऱ्यांदा गेला तेव्हा घेतलं. हे मला मार्ताने सांगितलं, आणि मी तुला. तेव्हा तू कणीक मळत होतीस. मळतच राहिलीस, पण फार जोरात.

कुंदाकाकू मात्र आल्या नाहीत. तुम्ही दोघी एकाच गावात, एकाच दुकानात मेथी घेत राहिलात, आणि एकमेकींना पाहिलं की रांग बदलत राहिलात. शनिवारी चिवड्याचं पातेलं दोघींतच पुरून उरायचं. तो नदीचा सिनेमा तू पुन्हा लावला नाहीस. मी एकदा म्हटलं, लाव ना. तू म्हणालीस, "कुंदाशिवाय नाही. त्या डॉक्टरच्या बायकोकडे बघायला कुणीतरी हवं." खरं वागण्याची काय किंमत असते, ते मला तू भाषण देऊन शिकवलं नाहीस. सोफ्यावरच्या त्या रिकाम्या जागेकडे बघून मला ते कळलं. आणि ती जागा तुला रोज दिसत असूनही तू एकदासुद्धा म्हणाली नाहीस की मी चुकले.

मग तुझा आजार. कळला आणि तू गेलीस, मध्ये जेमतेम एक उन्हाळा. तुझी कुरकूर नाही. फक्त हॉस्पिटलच्या लॅबचे रिपोर्ट आले की चष्मा लावून म्हणायचीस, "आमच्या वेळी स्लाइड यापेक्षा नीट काढायचो."

आता शेवटचं सांगते, जे तू पाहिलं नाहीस.

फ्युनरल होममध्ये माझ्या अंदाजापेक्षा खूप लोक आले. पेढेवाले काकासुद्धा आले. मार्ता आली, हेक्टर आला, काळा शर्ट घालून. मंत्र झाले, आम्ही सगळ्यांनी फुलं वाहिली, आणि तेवढ्यात मागचं दार उघडून कुंदाकाकू आत आल्या. निखिल त्यांच्या मागे. सगळ्यांच्या माना वळल्या. काकू सरळ तुझ्यापाशी आल्या. बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. तुझ्या कपाळावरचं कुंकू जरा तिरकं लागलं होतं, ते त्यांनी बोटाने सरळ केलं.

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझा राग गेलेला नाही, वैशाली. गेला असता तर तिच्या घरीच गेले असते."

"हो काकू."

"पण निखिल म्हणाला, तू ये किंवा नको येऊस, मी जाणार आहे. त्याला असं बोलताना ऐकलं, आणि मग मीही कोट घातला."

कॉफिन गाडीपर्यंत न्यायला सहा जण लागतात, एकेका कडीला एक. मंदार, त्याचा मुलगा, माझा नवरा, आपल्या गल्लीतले एक शेजारी. पाचवा हेक्टर स्वतःहून पुढे आला. सहावी कडी रिकामी होती. मंदारने इकडे तिकडे पाहिलं. निखिल एक पाऊल पुढे आला आणि थांबला. आधी त्याने मंदारकडे बघितलं, मग हेक्टरकडे. हेक्टरने मानेनेच समोरची कडी दाखवली.

त्यांनी तुला उचललं. हेक्टरचा तो पाय अजून जरा ओढतो. दारापाशी उतार होता, तिथे तो अडखळला, आणि समोरून निखिल हळूच म्हणाला, "टेक युअर टाइम." मग बाकी चौघांनीही आपली चाल त्याच्या चालीला लावली, आणि मावशी, तू अगदी सावकाश, अजिबात न हिंदकळता, उन्हात बाहेर आलीस.

तुझी,
वैशू